पान काढायला जावं तर माशाचा काटा होतो! (बोटॅनिकल इलस्ट्रेशन शिकणाऱ्यांसाठी धागा)

पानवेडी

नमस्कार मंडळी. गेले चार महिने बोटॅनिकल इलस्ट्रेशन, म्हणजे झाडापानांची अगदी हुबेहूब, शास्त्रशुद्ध चित्रं, शिकायची खटपट चाललीये, घरच्या घरीच, क्लास वगैरे नाही. फुलं बरी येतात, म्हणजे कुठलं फूल ते लोकांना ओळखू तरी येतं, पण पानांनी अगदी छळ मांडलाय. एक लंबगोल, मधून रेघ, दोन्ही बाजूंना तिरक्या तिरक्या रेघा, की झालं पान. परवा पुतणीने वहीत डोकावून विचारलं, "आत्या, हा माशाचा काटा आहे का?" त्यानंतर दोन दिवस पेन्सिल हातात धरली नाही.

सध्या समोर जास्वंदीची फांदी आहे. एचबी पेन्सिल आणि साधा कार्ट्रिज पेपर, बस. विचारायचंय ते असं की सुरुवात कडेपासून करायची की मधल्या शिरेपासून, सगळ्या शिरा काढायच्या असतात का (वेड लागेल!), आणि पान जरा वळलेलं किंवा आपल्याकडे तोंड करून असलं की मला ते अजिबातच का जमत नाही? रंगाचं तर विचारूच नका, माझं हिरवं थेट प्लास्टिकच्या बादलीसारखं दिसतं.

बोरू

पुतणीला शाबासकी द्या, निदान अचूक केलंय तिने.

कडेपासून सुरुवात केलीत की काटाच होणार. आधी मधली शीर. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथून पेन्सिल टेकवायची आणि पानाच्या टोकापर्यंत एकाच ओघात जायचं, मध्ये पान दुमडलंय आणि शीर दिसत नाहीये तरी थांबायचं नाही, पान काचेचं आहे असं धरून मागच्या बाजूनेही रेघ चालू ठेवायची आणि पुढे जिथे दिसायला लागते तिथे बरोबर बाहेर काढायची. मागची रेघ नंतर खोडता येते. नवशिक्यांचं दुमडलेलं पान दोन तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं ना, ते हे न केल्यामुळेच. दुमडीच्या आधीची शीर आणि नंतरची शीर यांचा एकमेकींशी संबंधच नसतो.

शीर झाली की पान सगळ्यात रुंद कुठे आहे ते बघा. कंपासपेटीतला डिव्हायडर घ्या, दोन्ही टोकं टोकदार असतात तो, आणि थेट मोजा. डावा अर्धा वेगळा, उजवा वेगळा. जरा कलतं पान असेल तर एक अर्धा दुसऱ्याच्या निम्मासुद्धा भरत नाही, पण आपल्या डोक्यात पान म्हणजे दोन्हीकडे सारखं असं इतकं पक्कं बसलेलं असतं की हात आपोआप दोन्ही बाजू सारख्या करून टाकतो. डिव्हायडर ऐकत नाही त्याचं.

एचबी चालेल पण कच्च्या रेषांना एच किंवा २एच घ्या, आणि दाबू नका. दाबलेल्या २एचची खाच कागदात राहते, मग वर रंग दिला की ती दात काढून हसते.

क्लिक्या

एवढा उपद्व्याप कशाला? मोबाइलवर फोटो काढायचा, प्रिंट मारायची, लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेच्या पाटीवर) ठेवून ट्रेस करायचं. दहा मिनिटांत पान तयार, माप चुकायचा प्रश्नच नाही.

घारू

क्लिक्या, मी वर्षभर हेच केलं म्हणून सांगते. मोबाइल जवळ नेला की पानाचं जे टोक लेन्सच्या जवळ असतं ते भलतंच मोठं येतं आणि देठाकडचा भाग आक्रसतो. तुम्ही ती चूक अगदी प्रामाणिकपणे ट्रेस करता. शिवाय फोटोत सावलीतल्या शिरा गायब असतात आणि चकाकीच्या जागी नुसता पांढरा डाग, तिथे काय आहे ते बघायला पान तर हवं ना समोर.

पानवेडी, तुझ्यासाठी एक खेळ. हिरव्या कार्डपेपरचं पान काप, चांगलं वीतभर लांब. मधोमध घडी घाल, म्हणजे ती झाली मधली शीर. मग स्केचपेनने दोन्ही बाजूंना पाच-सहा शिरा काढ आणि चक्क समान अंतरावर सरळ रेघा मार, तुझा तो काटाच. आता घडी थोडी उघडून पान पन्हळीसारखं कर, टोक खाली वाकव आणि डोळ्यांच्या पातळीवर धर. त्या सरळ मारलेल्या रेघा बघ काय करतात! जवळच्या अर्ध्यावर त्या बाहेर फुगलेल्या दिसतील, पलीकडच्या अर्ध्यावर एकदम आखूड होऊन एकमेकींना खेटतील, आणि जिथे पान वाकलंय तिथे एक रेघ अशी असेल की जी जवळजवळ कडेला समांतर धावतेय. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग खऱ्या पानात दिसायला लागतं. मी आठ दिवस रोज ते कागदी पान वेगवेगळं वाकवून काढत होते, घरच्यांनी माझी आशाच सोडली होती :)

पर्णकाका

उशिरा आलो धाग्यावर. मी चित्रकार नाही, आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझं बोलणं जरा खडूसारखं कोरडं वाटेल, गोड मानून घ्या.

पानवेडीताई, तुम्ही जास्वंद म्हणालात म्हणून विचारतो. तुमच्या चित्रात दाते कुठून कुठपर्यंत आहेत? आणि पानाच्या तळाशी, देठ जिथे पात्याला मिळतो अगदी त्या बिंदूतून, किती शिरा निघतात? चित्र न बघता पान बघून सांगा.

पानवेडी

काका, दाते मी पूर्ण कडेला काढलेत, देठापर्यंत. शिरा... मधली एक. थांबा, पान आणते.

...

अरे देवा. खालचा भाग तर गुळगुळीत आहे! दाते जरा वर गेल्यावर सुरू होतात. आणि तळातून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक जाड शीर निघतेय, त्या चांगल्या वरपर्यंत जातात. चार महिने हे पान काढतेय मी!!

पर्णकाका

तेच तर. बहुतेकांचं असंच होतं, मला दर वर्षीच्या जर्नलमध्ये देठापर्यंत दाते असलेली जास्वंद मिळायची.

आता आणखी एक बघा. जास्वंदीची बाजूची शीर, किंवा तिचा फाटा, दात्याच्या टोकात जाऊन संपतो. म्हणजे दाते आधी आणि शिरा नंतर असं काढलंत तर दोघांचा मेळ बसणार नाही. शीर हलकी काढून घ्या आणि ती जिथे कडेला पोचते तिथे दाता द्या. दात्याचं तोंड पानाच्या टोकाकडे असतं, करवतीसारखं, दोन्ही बाजूंना सारखी उभी त्रिकोणी झालर नसते.

पण हे सगळ्या झाडांना लावू नका. जांभळाचं पान उजेडासमोर धरून बघा. बाजूच्या शिरा खूप, बारीक आणि जवळजवळ, आणि त्या कडेपर्यंत जातच नाहीत. कडेच्या किंचित आत एक शीर कडेला समांतर धावते, तिला येऊन मिळतात सगळ्या. केळ घेतलंत तर तिसरीच तऱ्हा, मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत समांतर रेघा. म्हणून 'सगळ्या शिरा काढायच्या का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मोजायच्या सगळ्या मुख्य, आणि त्या समोरासमोर निघतात की आलटून पालटून ते बघायचं. काट्यात त्या समोरासमोर असतात, पानात फार वेळा नसतात. त्यांच्या मधली बारीक जाळी एखाद्या कोपऱ्यात नीट दाखवली तरी बघणाऱ्याला पुरते.

अवांतर: देठाच्या बुडाशी दोन बारीक, केसासारखी उपपर्णं दिसतायत का? तीही काढा. जास्वंद ओळखायला त्यांचा उपयोग होतो आणि चित्रात कुणी काढत नाही.

नवशिक्या_७

काका मी कडुनिंबाची पानं काढली, एका काडीला तेरा पानं आलीत, ती समोरासमोर काढायची की आलटून पालटून?

पर्णकाका

ती तेरा पानं नव्हेत, ते एकच पान आहे. संयुक्त पान, आणि तुम्ही म्हणताय त्या तेरा पर्णिका. ओळखायची खूण सोपी आहे, पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि फांदीच्या बेचक्यात, कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती नसते. कुठल्याही पर्णिकेच्या बुडाशी कळी काढली असेल तर खोडून टाका. आणि कडुनिंबाच्या पर्णिकेचा तळ तिरका असतो, एक बाजू जास्त खाली उतरलेली, त्यामुळे ती कोयत्यासारखी वाकते. सारख्या बाजूंची काढलीत तर ती भलत्याच झाडाची दिसेल.

नवशिक्या_७

कळ्या काढल्या होत्या. खोडतो :(

पानवेडी

दुसरा प्रयत्न केला आणि नवीनच घोटाळा. सकाळी फांदी आणून बाटलीत ठेवली, अकरापर्यंत मस्त मधली शीर, मापं वगैरे सगळं झालं, मग घरची कामं उरकून तीनला परत बसले तर ते पान तिथे नव्हतंच! म्हणजे होतं, पण खाली झुकलेलं आणि खिडकीकडे वळलेलं. आता चित्र सकाळच्या पानाचं आणि शेडिंग दुपारच्या पानाचं. यावर काय करता तुम्ही लोक?

बोरू

ही सगळ्यांची रड आहे. फांदी तोडल्यावर तिचं टोक पाण्यात बुडवून पाण्याखालीच पुन्हा थोडं कापायचं, नाहीतर कापल्या जागी हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. काम थांबवताना ओला टिश्यू गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. जास्वंद दोन-तीन दिवस टिकते तशी, नाजूक पाल्याचं मात्र सांगता येत नाही.

टेबलावर बाटलीच्या बुडाभोवती पेन्सिलने गोल मारा आणि बाटलीवर समोर खूण करा, म्हणजे परत ठेवताना तीच बाजू तुमच्याकडे येते. खुर्चीच्या पायांनाही चिकटपट्टी लावा, हसू नका, डोकं चार बोटं सरकलं तरी पुढे आलेलं पान पूर्ण बदलतं. माप घेताना एक डोळा बंद.

आणि क्रम लावून घ्या. पहिल्या तासात फक्त ठेवण, म्हणजे मधल्या शिरा, कडा, दुमडी. रंगाचा तुकडा त्याच दिवशी. शिरांचं बारीक काम उद्या, त्याच फांदीवरचं दुसरं पान बघूनसुद्धा होतं. फोटो इथे कामाचा, क्लिक्या, ठेवण विसरू नये म्हणून काढून ठेवायचा. फोटो नव्हते तेव्हा काय करत असतील असं वाटलं तर फर्डिनांड बावर हा जुना वनस्पती-चित्रकार बघा. १८०१ साली फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेला होता. झाडं शेकड्यांनी आणि वेळ कुठला, मग हा पठ्ठ्या पेन्सिलीचं रेखाटन करून पानाच्या प्रत्येक भागावर रंगाचे आकडे लिहायचा, त्याच्या यादीत सुमारे १००० छटा होत्या. रंगवलं नंतर, काही काही तर कित्येक वर्षांनी, ते आकडे वाचून.

क्लिक्या

१००० छटा लक्षात? मी माझा शब्द मागे घेतो. (लाइटबॉक्स मात्र विकणार नाही.)

घारू

नको ना विकू, कच्चं रेखाटन चांगल्या कागदावर उतरवायला लाइटबॉक्सच लागतो. सगळी खाडाखोड साध्या कागदावर करायची आणि अंतिम रेघ तेवढी हॉट प्रेसवर, म्हणजे गुळगुळीत जलरंगाच्या कागदावर, न्यायची. पानवेडी, रंग देणार असशील तर कार्ट्रिज सोड बाई, दुसऱ्या वॉशला (पातळ रंगाच्या थराला) त्याचा कापूस होतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, हॉट प्रेस घे.

हिरवट

रंगाचं कुणी बोललंच नाही अजून, माझा लाडका विषय. बादलीचा हिरवा येतो कारण ट्यूबमधला हिरवा सरळ कागदावर जातो. खऱ्या पानात लाल असतो जरासा. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन मिसळलं की मुळातच शांत, मातकट हिरवा येतो, कारण अल्ट्रामरीन लालकडे झुकलेला निळा आहे. थॅलो ब्लूने केलास तर भडक येईल, त्याला ॲलिझरीनचा, म्हणजे गडद लालाचा, एक ठिपका दिला की माणसात येतो. काळा घालून गडद करू नकोस, पान मेल्यासारखं दिसतं.

रंग जुळतो का ते बघायला पांढऱ्या कागदाच्या पट्टीला भोक पाड, ती पट्टी पानावर ठेव आणि भोकाशेजारी तुझा रंग लावून बघ. भोकातून दिसणारा तुकडा आपल्याला वाटतो त्यापेक्षा नेहमी फिका किंवा करडा निघतो. तुला धक्का बसेल.

जास्वंद चकचकीत असते, म्हणजे तिच्यावर आभाळ दिसतं. जिथे चकाकी आहे तिथे हिरवा नाहीच, तिथे फिक्कट निळा असतो. सगळ्यात आधी पूर्ण अर्ध्यावर सिरुलियनचा (आकाशी निळ्याचा) पाण्यासारखा वॉश द्यायचा, वाळू द्यायचा, मग चकाकीची जागा सोडून हिरवा. एका वेळी एकच अर्धा. मधल्या शिरेच्या पलीकडचा अर्धा ओला असताना अलीकडे गेलीस तर रंग शिरेवरून उडी मारतो.

पानवेडी

आणि शिरा? मी गडद हिरव्याने शिरा काढते, तिथेच काटा होतो असं आता वाटायला लागलंय.

हिरवट

अगं मग झालं की निदान! पानाच्या वरच्या बाजूला शिरा बहुतेक वेळा आजूबाजूपेक्षा फिक्या असतात. त्यांच्यावर ब्रश टेकवायचाच नाही. दोन शिरांच्या मधला जो तुकडा आहे तो रंगवायचा, शिरेला जेमतेम न शिवता. आणि तो तुकडा सपाट नसतो, उशीसारखा फुगलेला असतो. उजेड डावीकडून वरून येतो असं धरायचा रिवाज आहे, मग प्रत्येक उशीचा एक उतार उजळ आणि दुसरा, शिरेकडे उतरणारा, गडद. हे सगळं जवळजवळ कोरड्या ब्रशने, बारीक बारीक फटकाऱ्यांनी. एक पान व्हायला मला दोन संध्याकाळी लागतात आणि मी काही हळू नाही.

शीर चुकून बुजली तर ओलसर ब्रशने पुसून उचलता येते, पण थोडीशीच, ॲलिझरीन आणि थॅलो कागद सोडत नाहीत.

पर्णकाका

हिरवट यांच्या म्हणण्याला पुरवणी. पान उलटलेलं असेल तर हिशेब उलटा. खालच्या बाजूला शिरा उठून येतात, बोटाला लागतात, म्हणजे त्यांची सावली पडते. शिवाय खालची बाजू फिकी असते, हरितद्रव्याने ठासलेल्या पेशींचा थर वरच्या कातडीखाली असतो आणि खाली विरळ, हवेशीर पेशी. म्हणून दुमडलेल्या पानात वरचा आणि खालचा हिरवा एकच वापरलात तर दुमड दिसतच नाही, रेघ कितीही बरोबर असो.

घारू

काका हे लिहून ठेवलं. वाचनखूण साठवली आहे.

पानवेडी

आठ दिवसांनी आले. तिसरं पान. बोरूदादा म्हणाले तसं पहिला तास फक्त ठेवण केली, खुर्चीला चिकटपट्टीसुद्धा लावली (घरात सगळ्यांनी येऊन बघितलं). एकूण पाच मोठी पानं आणि एक कोवळं, त्यातलं एक सरळ माझ्याकडे तोंड करून असलेलं. ते मी आधी तीनदा खोडलं कारण डिव्हायडर सांगत होता की त्याची लांबी रुंदीच्या निम्मी पण नाहीये आणि माझा विश्वास बसत नव्हता, शेवटी मुकाट्याने मापाप्रमाणे काढलं आणि ते कागदातून बाहेर आलं हो! मी उठून लांब जाऊन बघितलं दोनदा.

डावीकडचं खालचं पान फसलंय. दुमड बरोबर आहे पण शिरा सगळ्या एकाच कोनात गेल्या, टोकाकडे त्या जास्त तिरक्या व्हायला हव्या होत्या. ते ठेवणार आहे तसंच, खोडून खोडून कागद उसवलाय. उपपर्णं काढलीत, काका. भिंगाखाली.

आता खरी अडचण ऐका. काल रात्री फांदी बाटलीत ठेवून झोपले, फ्रिजमध्ये ठेवायचा कंटाळा केला. सकाळी बघते तर मधल्या पानाला, म्हणजे ज्याचा एक अर्धा रंगवून झालाय आणि दुसरा बाकी आहे त्या पानाला, ह्या एवढं भोक. देठाजवळ हिरवी अळी, ऐटीत बसलेली. चार महिन्यांत पहिलं जमलेलं पान आणि ते हिने खाल्लं. भोक काढू की नको?

क्लिक्या

फोटो काढला होतास ना? :))

पानवेडी

काढला होता. बोलू नकोस.

बोरू

काढा की. दोन शिरांच्या मधूनच खाल्लं असेल बघा, जाड शिरा सोडतात त्या बऱ्याचदा. भोकाच्या कडेला पात्याची जाडी दिसते, एका बाजूला बारीक उजळ रेघ येईल, ती सोडू नका नाहीतर ते भोक न दिसता काळा डाग दिसेल. आणि आतून मागचं पान किंवा फांदी दिसत असेल तर तेही आलं.

पर्णकाका

भोकाला आत्ता तपकिरी किनार नसेल, ताजं आहे. दोन दिवसांनी येईल. तेव्हा रंगवायचं तर आजच रंगवा, किंवा मग किनार येईपर्यंत थांबा, अधलंमधलं नको. अळीला मात्र बाहेर सोडा, अजून एक अर्धा शिल्लक आहे तुमचा.